बँडचं विकिपीडिया पेज का उडतं? नियम समजून घ्या सोप्या भाषेत

समजा, शिरपूरच्या चार मित्रांचा एक बँड आहे. कॉलेजच्या गॅदरिंगपासून सुरुवात झाली, आता अहिराणीत स्वतःची गाणी करतात. यूट्यूबवर तीन गाणी आहेत, इन्स्टावर बऱ्यापैकी फॉलोअर्स आहेत. एक दिवस ड्रमर इंग्रजी विकिपीडियावर बँडचं पेज बनवतो आणि काही तासांतच ते डिलीट होतं. गाणी खरी, पोरं खरी, मग पेज का उडालं?

विकिपीडिया नेमकं काय बघतं?

याला 'उल्लेखनीयता' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा. तुमच्याबद्दल बाहेरच्या लोकांनी लिहिलंय का? त्या लिखाणात तीन गोष्टी लागतात:

- सविस्तर: 'गणेशोत्सवात अमुक बँडचा कार्यक्रम झाला' एवढी दोन ओळींची बातमी पुरत नाही.
- विश्वासार्ह: ज्याला संपादक आहे असं वृत्तपत्र, मासिक किंवा पुस्तक.
- स्वतंत्र: तुमचं इन्स्टा, जशीच्या तशी छापलेली प्रेस नोट किंवा पैसे देऊन छापून आणलेली मुलाखत चालत नाही.

इंग्रजी विकिपीडियावर बँडसाठी वेगळे निकषही आहेत. देशाच्या अधिकृत चार्टवर गाणं येणं, मोठ्या लेबलवर दोन अल्बम, देशभराच्या टूरची माध्यमांनी घेतलेली दखल वगैरे. पण निकष पूर्ण झाला तरी स्रोत लागतातच.

व्ह्यूज का मोजत नाहीत?

'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्याला यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज आहेत. पण व्ह्यूजच्या आकड्यावरून लेख लिहिता येत नाही. गाणं कसं बनलं, चाल कुठून आली, लोकांना का आवडलं, हे कुणीतरी तपासून लिहिलेलं लागतं. शिवाय व्ह्यूज विकतही मिळतात.

उलट मुंबईचा 'रॉक मशीन' बघा. १९८४ मध्ये सुरू झालेला हा बँड पुढे 'इंडस क्रीड' झाला. त्या काळी यूट्यूब नव्हतं, पण त्यांच्याबद्दल छापून आलं. आज त्यांचं पेज आहे.

मग नियम अन्यायकारक आहे का?

थोडाफार आहे. २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड या शास्त्रज्ञ महिलेचा मसुदा 'स्रोत पुरेसे नाहीत' म्हणून नाकारला गेला. काही महिन्यांतच त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं!

म्हणजे हा नियम तुमचं काम किती चांगलं आहे ते मोजत नाही, त्याची लेखी नोंद किती आहे ते मोजतो. इथेच खान्देशची पंचाईत होते. आपल्याकडे गाणं भरपूर, त्यावर लिहिणारे कमी. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं. तेव्हा त्या हयात नव्हत्या. वही नसती, तर आज आपल्याला काय माहीत असतं?

पण नियम काढून टाकला तर विकिपीडियाचा जाहिरात बोर्ड होईल, हेही तितकंच खरं.

तुम्ही काय करू शकता?

१. स्वतःचं पेज स्वतः लिहू नका. याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. लिहायचंच असेल तर नातं उघड सांगा आणि मसुदा तपासणीसाठी द्या.

२. 'पैसे द्या, पेज बनवून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने असा धंदा करणारी ३८१ खाती ब्लॉक केली. पेज टिकवायचं म्हणून ते लोकांकडून वर पैसे मागत होते.

३. कात्रणं जपा. स्रोत ऑनलाइनच हवा असं नाही. धुळे-जळगाव आवृत्तीतला सविस्तर लेखही कामाला येतो. वृत्तपत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक लिहून ठेवा.

४. म्युझिकब्रेन्झवर नोंद करा. गाण्यांच्या या खुल्या डेटाबेसला उल्लेखनीयतेची अट नाही. गायक, वादक, गीतकार, तारीख सगळं नीट भरा.

५. दुसऱ्यांबद्दल लिहा. तुमच्या तालुक्यातल्या जुन्या बँजो पार्टीची, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या आजीबाईंची मुलाखत घ्या आणि एखाद्या दिवाळी अंकाला किंवा वृत्तपत्राला पाठवा. संपादकाने ती छापली, तर उद्या कुणाच्या तरी लेखाला तोच स्रोत असेल.

पेज उडालं म्हणजे बँड वाईट, असा अर्थ होत नाही. विकिपीडिया 'अजून नाही' म्हणतंय, एवढंच. तोवर गाणी करत राहा आणि नोंद ठेवत राहा.