कोरसमधली पोरगी पुढे येते तेव्हा

२००२ साली 'चॅनल व्ही' या संगीत वाहिनीने देशातल्या शहरांतून मुलींच्या चाचण्या घेतल्या आणि त्यातून पाच जणी निवडून 'विवा' नावाचा गट उभा केला. सीमा रामचंदानी, प्रतीची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. पैसा शीतपेयाच्या कंपनीचा होता आणि कल्पना न्यूझीलंडहून आलेली. तिथे १९९९ मध्ये याच पद्धतीने टीव्हीच्या पडद्यावर मुलींचा गट घडवला गेला होता. विवाचे दोन अल्बम निघाले, महुआ कामत मध्येच बाहेर पडली आणि काही वर्षांत गटही विस्कटला. कंपनीने बांधलेली मोट कंपनीची गरज संपली की सुटते, यात नवल नाही.

पुढे २००७ मध्ये नेहा भसीन स्वतःचा पहिला स्वतंत्र अल्बम घेऊन आली. काळ अगदी वाईट होता. कॅसेट संपत आली होती, सीडीची नक्कल दहा-वीस रुपयांना रस्त्यावर मिळत होती आणि सिनेमाच्या गाण्यांनी पॉप अल्बमचा बाजार गिळला होता. त्या अल्बमने ती रातोरात घराघरांत पोहोचली नाही. लोकांनी तिला ओळखले ते २००८ च्या 'फॅशन' या चित्रपटातील गाण्याने, आणि २०१६ च्या 'सुलतान'मधील गाण्यासाठी पुढच्या वर्षी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात तिने आई-आजीच्या पिढीची पंजाबी लोकगीते स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवली. तरीही मला महत्त्वाचा वाटतो तो २००७ चा अल्बमच. पाचांतली एक म्हणून ओळखली जाणारी बाई तिथे पहिल्यांदा एकटीच्या नावावर उभी राहिली.

आता कुणी म्हणेल, वकीलसाहेब, चळवळीच्या दैनिकात हे पॉपचे पुराण कशाला? भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या पोरींना याचे काय?

तर ऐका. (वेल्हे तालुक्याचे सरकारी नाव आता राजगड झाले आहे, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच.) आपल्या वस्तीवस्तीत जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गायन पार्टी बसते. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी-ढोलकी आणि मागे चार-पाच मुली. त्यांना आपण कोरस म्हणतो. कडव्याची शेवटची ओळ त्या उचलतात, टाळ्या धरतात, गाण्याला भरीवपणा आणतात. कार्यक्रमाची सुपारी ठरते मुख्य गायकाशी, बिदागीही त्याच्याच हाती पडते. पोरींच्या वाट्याला जीपचे भाडे आणि रात्रीचे जेवण. मंडळाच्या पत्रकावर अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे फोटोसह छापलेली असतात आणि या पोरींसाठी एकच शब्द असतो: 'आणि पार्टी'. समतेची गाणी गाणाऱ्यांची ही वाटणी आपल्याला कधी खटकली आहे काय?

गेल्या वर्षी वेल्ह्याकडच्या एका वाडीतली वीस वर्षांची मुलगी वडिलांसह भोरच्या कोर्टात मला भेटायला आली. चार वर्षे कोरसमध्ये गाणारी. तिच्या मैत्रिणीने मोबाइलवर टिपलेले एक गाणे बरेच फिरले आणि एका स्टुडिओवाल्याने तिला 'सोलो अल्बम' करू या म्हणून बोलावले. सहा गाणी, व्हिडिओसह, यूट्यूबवर. घरात आनंदीआनंद. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर टाइप केलेला करारही तयार होता. वडील म्हणाले, "दादा, सही कुठं करायची तेवढं दाखवा."

मी आधी वाचायला बसलो. मानधन एकदाच, तेही किरकोळ. आवाजावरचा हक्क कायमचा, साऱ्या जगात, आज असलेल्या आणि उद्या निघणाऱ्या सर्व माध्यमांत. गायिकेचे नाव द्यायचे की नाही ही निर्मात्याची मर्जी. आणि तीन वर्षे तिने दुसरीकडे कुठेही गायचे नाही. म्हणजे स्वतःच्या वाडीच्या जयंतीतसुद्धा नाही! एकटीने पुढे येण्याची किंमत ही, की आधी मागच्या रांगेत जेवढे होते तेवढेही जावे.

कायदा काय सांगतो ते इथे सांगणे भाग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणे लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला हक्क होता, गाणाऱ्याला नव्हता. कलावंताचा हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने तो वाढवला, त्यात रॉयल्टीची तरतूद आली आणि कलम ३८ ब मध्ये एक फार मोलाची गोष्ट घातली गेली. गायिकेने आपले हक्क अंशतः किंवा पूर्णतः दुसऱ्याला दिले, तरी ही गायिका मी आहे असे ओळखले जाण्याचा तिचा हक्क शिल्लक राहतो. तेव्हा नावाची 'मर्जी' निर्मात्याकडे नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, म्हणूनच हे लोक 'कायमचा' हा शब्द विसरत नाहीत. दुसरीकडे गाऊ नये ही अट मात्र फसवी आहे. करार चालू असेतोवर अशी अट न्यायालये बऱ्याचदा मान्य करतात. 'पुढचं पुढं बघू' म्हणून सही करणाऱ्याची तिथे गोची होते.

पारंपरिक गाण्याबाबतही असाच गैरसमज आहे. लोकगीत कुणाच्या मालकीचे नसते हे खरे, परंतु ते ज्या गळ्यातून आले त्या गळ्याचा हक्क असतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, तीन हजारांहून अधिक बाया. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी'ने त्या लोकांसमोर आणल्या, त्या गाणारणीच्या नावागावासह. जात्याशी बसलेल्या बाईचे नाव लिहून ठेवायला कुणाला जड गेले नाही.

आजच्या मुली मोबाइलवर 'ब्लॅकपिंक' हा कोरियन मुलींचा गट बघतात. त्यातली जेनी हिने २०२३ च्या अखेरीस आधी स्वतःची कंपनी काढली आणि मग मार्च २०२५ मध्ये 'रूबी' हा पहिला स्वतंत्र अल्बम आणला. गट तिने सोडला नाही. आधी कागद, मग गाणे, हा क्रम आपल्या पोरींनी तिच्याकडून घ्यावा. नाचाच्या पायऱ्या त्या शिकतीलच.

आपल्याकडचे उदाहरण हवे तर कडुबाई खरात आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या या बाईच्या हातात एकतारी होती, मागे कंपनी नव्हती आणि पार्टीही नव्हती. लोकांनी मोबाइलवर टिपलेली त्यांची भीमगीते महाराष्ट्रभर पोहोचली. एकटीचा आवाज ऐकायला समाज तयार आहे, याचा यापेक्षा आणखी पुरावा कोणता हवा?

वाडीतल्या त्या मुलीचा करार आम्ही नव्याने लिहिला. हक्काची मुदत पाच वर्षे, नाव प्रत्येक ठिकाणी, यूट्यूबच्या उत्पन्नात ठरलेला हिस्सा, आणि जयंती व विहारातले कार्यक्रम बंधनाबाहेर. स्टुडिओवाल्याने पंधरा दिवस फोन उचलला नाही. मग आला, हिश्श्यावरून बरीच घासाघीस केली आणि सही करून गेला. सहापैकी दोन गाणी झाली आहेत. कोरसमध्ये तिच्याच चार जुन्या मैत्रिणी बसल्या. त्यांना किती द्यायचे, हे तिने स्टुडिओत जाण्याआधी वहीत लिहून घेतले होते.

मंडळाच्या कार्यकर्त्यांशी मी बोललो आहे. येत्या जयंतीच्या पत्रकात पाचही जणींची नावे येणार आहेत. छापखानेवाल्याने सांगितले, जागा पुरत नाही, एखाद-दुसरा फोटो काढावा लागेल. कुणाचा काढायचा यावर सध्या बैठका चालू आहेत.