भूगर्भातील गारवा आणि घराचे मोल

लातूर जिल्ह्यातील औशाच्या किल्ल्यात भूमीखाली बांधलेली एक विस्तीर्ण वास्तू आहे. 76 फूट लांब व 50 फूट रुंद अशा या वास्तूचे छत हाच तिच्यावरील हौदाचा तळ. ती कोणत्या हेतूने उभारली गेली याचा निवाडा इतिहासज्ञांनी करावा. पदार्थविज्ञानाला त्यात दिसते ते इतकेच की दिवसरात्रीचा उष्णशीतभेद जमिनीत हातभर खोलीवर बहुतांशी मावळतो, ऋतुभेद आठ-दहा मीटरांपर्यंत क्षीण होत जातो, आणि त्याखाली वैशाख असो वा पौष, मराठवाड्यात साधारण 27 अंशांच्या आसपासचे तापमान बारमाही नांदते.

नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरचे कढत झरे पाहिलेल्यांस भूऔष्णिक म्हणताच पाताळातील अग्नी आठवतो. औसा तालुक्यात मात्र तो मंदच आहे. याच तालुक्यातील किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे 617 मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटर काळा पाषाण संपून खालचा प्राचीन खडक लागला, आणि त्यातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला सुमारे 43 मिलिवॅट, म्हणजे नगण्यच, भरली. घर थंड करणाऱ्यास या दारिद्र्याची खंत नको. त्याला भूमीची उष्णता नको असून तिचे स्थैर्य हवे आहे.

नेहमीचे वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता बाहेरच्या 42 अंशांच्या हवेत रेटून टाकते. भूसंलग्न उष्णतापंप तीच उष्णता नळीतून फिरणाऱ्या पाण्याद्वारे 27 अंशांच्या खडकास देतो, म्हणून त्यास वीज कमी लागते. पाणी तेच ते फिरते, उपशाची गरज नाही. 2016 साली ज्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही बाब गौण मानता येणार नाही. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि नळीचा संग सोडते, यास्तव नळी खडकातच उतरवावी लागते व खर्चाचा मोठा हिस्सा तेथेच जातो. शिवाय स्वीडनमध्ये पंप जमिनीतून उष्णता काढतो; आपल्याकडे ती बहुतेक वर्षभर टाकतच राहावी लागते, आणि छिद्रे अपुरी असतील तर खडक वर्षागणिक तापत जाऊन यंत्राची कार्यक्षमता घटत जाते.

असे घर विकावयाचे झाल्यास काय? मुद्रांक शुल्कासाठी मूल्यांकन होते ते वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून. त्यात जागेचा दर, बांधकामाचा वर्ग व वय पाहतात, भूमिगत नळीस रकाना नाही. उरते ती गिऱ्हाइकाची मर्जी, आणि गिऱ्हाईक डोळ्यांना दिसेल त्याचेच दाम मोजते. किंबहुना औसा तालुक्यात गारव्याचा भाव एकदा भयाने पडलेला आहे: 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात गारवा देणाऱ्या दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील अवजड माळवदे माणसांवर कोसळली, तेव्हापासून सिमेंटचे घर हेच भरवशाचे ठरले, मग ते चैत्रापासून भट्टीसारखे तापले तरी. भूकंपरोधक बांधणीस भूमीचा गारवा जोडता आला, तर भरवसा आणि गारवा यांचे वैर मिटण्याजोगे आहे, असे मला वाटते.

खडकातील नळी पन्नास वर्षांहून अधिक, तर घरातील यंत्र वीस-पंचवीस वर्षे टिकते. म्हणजे विक्रीच्या वेळी यंत्र म्हातारे असले तरी नळी तरुण असू शकते, आणि दोहोंची किंमत एकत्र करणे हा विक्रेत्याचा किंवा गिऱ्हाइकाचा तोटा आहे. सुज्ञ गिऱ्हाइकाने मे महिन्यातील दुपारी घर पाहावे, गेल्या काही उन्हाळ्यांची वीजबिले मागावीत, आणि छिद्रे कोठे, किती खोल, याचा नकाशा खरेदीखतास जोडून घ्यावा. हा नकाशा गहाळ झाला, तर पाण्याच्या आशेने अंगणात बोअर घेणारा नवा मालक नेमका त्या नळीवरच यंत्र लावण्याचा संभव आहे.