राज्य गेले, विश्वास राहिला



संकटात श्रद्धा कशी टिकते, या विषयावर बोला, असे चालकांनी सुचविले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटवर. अशा माणसाने धर्मावर बोलणे म्हणजे सुताराने नाडी पाहण्यासारखे. परंतु विचार करता असे वाटले की, संकट आणि शंका या दोन गोष्टी तरी माझ्या रोजच्या परिचयाच्या आहेत. म्हणून श्रद्धेचा एवढा थोरला विषय न घेता त्यातला एकच भाग मी घेतला आहे. तो भाग म्हणजे ख्रिस्ती माणसाचा विश्वास, आणि वाईट दिवसांत त्याचे काय होते. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरी हाच भाग निवडण्याचे कारण असे की, त्याचा एक उत्तम पुरावा आपल्याच किनाऱ्यावर उभा आहे आणि आपण त्याच्या शेजारून एस.टी.ने जात-येत असतो.

अलिबागहून मुरुडकडे निघालात की रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल लागतो. पलीकडे गेल्यावर समुद्रात घुसलेली एक डोंगरी दिसते. तिच्यावर किल्ला, पायथ्याशी गाव. हे कोर्लई. या गावात हजाराच्या आतबाहेर ख्रिस्ती लोक राहतात. बाजारात ते तुमच्याआमच्यासारखे मराठी बोलतात. पण घरात चुलीपाशी त्यांची भाषा वेगळी असते. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याचा सांधा मराठी. क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते. तुम्हाला हे नवल वाटेल, पण पोर्तुगीज शब्द आपल्याही घरात आहेत. पाव, चावी, साबण, घमेले हे सगळे तिकडचे. इतकेच काय, ज्याच्यासाठी मी उभा जन्म भांडलो तो ‘पगार’ हा शब्दसुद्धा त्यांचाच!

आता इतिहास थोडक्यात पाहू. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज चौलला आले. रेवदंड्याचा कोट त्यांचा. समोरची कोर्लईची टेकडी त्यांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतली. त्यांच्या राज्यात ख्रिस्ती धर्म हा राज्याचा धर्म होता. धर्म घेणाऱ्यांत मनापासून घेणारे असतील, सोयीसाठी घेणारे असतील आणि सत्तेच्या धाकाने घेणारेही असतील. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला एक लहानसा खंड सोडल्यास, धर्मन्यायालय चालले, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. फिरंगी सैन्य गेले, अधिकारी गेले, ज्यांची ऐपत होती ती कुटुंबे गेली. राहिले ते गरीब. त्यांना गलबतात जागा नव्हती आणि गोव्यात त्यांची कोणी वाट पाहत नव्हते.

या राहिलेल्या माणसांच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पून पाहा. ज्या राजाच्या छत्राखाली हा धर्म आला तो राजा हरला. शेजारी विचारीत असतील, “अरे, तुमचा देव ज्यांच्या गलबतातून आला ते गलबत गेले. आता तुम्ही कशाला धरून बसला?” आणि असा प्रश्न शेजारी न विचारता मनच विचारू लागले, तर त्याला काय उत्तर द्यायचे? धर्म सोडला तर त्यांना अडविणारे कोणी राहिले नव्हते; धरून ठेवला तर त्यात लाभ नव्हता. तरी त्यांनी तो धरून ठेवला. त्याला आता पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. कोर्लईला कार्मेल मातेचे चर्च आजही आहे. १९६२ ते १९६५ या वर्षांत रोमला भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिकांची उपासना लोकभाषांत होऊ लागली. तेव्हापासून कोर्लईच्या प्रार्थनेतही मराठी आली. पण माणसे तीच, आणि विश्वासही तोच.

माझ्या मते या गावाची खरी शिकवण येथे आहे. १७४० पूर्वी तो धर्म राज्याचा होता. राज्य गेल्यावर तो त्या माणसांचा झाला. संघटनेत आम्ही हेच पाहतो. मालक युनियनला मान्यता देतो तेव्हा वर्गणी भरणारे पुष्कळ असतात. मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांवर खटले झाले की मग जे उरतात ते सभासद. संकट विश्वास निर्माण करीत नाही, पण कोणाचा विश्वास कोणाच्या मालकीचा आहे, याचा झाडा मात्र ते घेते.

कोर्लई एकटीच नाही. याच किनाऱ्यावर नवगावाजवळ फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या ज्यूंची परंपरा आहे. बेने इस्राएल ते हेच. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शतकानुशतके त्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते. होता तो शनिवारचा नियम, मुलांची सुंता आणि तोंडपाठ असलेली एक लहानशी प्रार्थना. धर्म त्यांचा वेगळा, पण धडा एकच आहे. पुष्कळशा गोष्टी हरवल्या तरी एखादा लहान नियम सर्वांनी मिळून पाळला, तर त्याच्या आधाराने बाकीचे तग धरते.

यावर कोणी म्हणेल, “हे गावाचे झाले. एकट्याच्या मनात शंका शिरली तर काय?” हा प्रश्न रास्त आहे. शंका म्हणजे विश्वासाचा शेवट, अशी आपली समजूत असते. पण मी ख्रिस्ती लोकांचे शास्त्र वाचले तेव्हा मला उलटेच दिसले. त्यात देवाशी भांडणाऱ्यांची गर्दी आहे. ईयोबाची मुले, गुरेढोरे, शरीर सगळे गेले. मित्र त्याला सांगायला आले की, तुझेच काही पाप असेल. तो त्यांचे ऐकत नाही; तो देवालाच जाब विचारतो. आणि ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या शहाण्या मित्रांवर, ईयोबावर नव्हे! स्तोत्रांच्या पुस्तकात स्तुती आहे तसे ‘किती दिवस मला विसरणार’ अशा भावाचे गाऱ्हाणेही जागोजाग आहे. खुद्द येशू क्रुसावर अशाच एका गाऱ्हाण्याचे शब्द बोलतो. जो धर्म आपल्या प्रभूच्या तोंडी असा आक्रोश ठेवतो, त्याला अनुयायाच्या शंकेची भीती वाटण्याचे कारण नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मला आमच्याच लोकांतली वाटते. राणीच्या धाकाने पळालेला हा माणूस रानात एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता मरण दे’ असे म्हणतो. तेव्हा देवदूत येतो तो उपदेश करीत नाही. तो निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो, झोपतो, पुन्हा उठून खातो आणि मग वाटेला लागतो. अर्धी निराशा ही उपाशी पोटाची आणि जागरणाची असते. खचलेल्या माणसाला आधी जेवू घालावे; ज्ञान मागाहून सांगता येते. आणि श्रद्धा आहे ना, मग रास्त मागणी सोडून द्या, असे जो सांगतो त्याच्यापासून सावध असावे, हेही मी येथेच सांगून टाकतो.

शंका एकाच जातीची नसते. निदान तीन जाती मला दिसतात. पहिली बुद्धीची. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. १८५८ साली जन्मलेल्या या बाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली. १८८० मध्ये लग्न झाले, १८८२ मध्ये पती गेले. पदरी लहान मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण स्वीकारला म्हणून डोके गहाण टाकले नाही. ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या मानीत, त्यांच्याशीच त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. जे आपल्या विवेकाला पटत नाही ते केवळ सांगितले म्हणून मानावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. इकडे येऊन त्यांनी १८८९ मध्ये शारदासदन काढले, आणि पुढच्या दुष्काळांत शेकडो निराधार मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. हातात मराठी बायबलचे काम होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले ते भाषांतर त्यांनी पुरे करीत आणले, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. बुद्धीच्या शंकेला त्यांनी दाबले नाही. तिला अभ्यासाला लावले.

दुसरी शंका दुःखाची. ‘माझ्याच वाट्याला का?’ असे विचारणाऱ्याला पुष्कळदा उत्तर नको असते, सोबत हवी असते. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले होते. तेवढेच त्यांनी बरे केले; बोलू लागले आणि बिघडले.

तिसरी शंका कोरडेपणाची. हिला कारणही लागत नाही. प्रार्थना ओठांवर येते, आत काही हालत नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये निवर्तल्या. त्यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. कारण कित्येक वर्षे आपल्या मनात अंधार आहे, देव जवळ भासत नाही, असे त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिले होते. काहींनी याला ढोंग म्हटले. मला ते पटत नाही. गोडी लागली असताना रुग्णाच्या जखमा धुणे सोपे. गोडी आटल्यावर पहाटे उठून त्याच जखमा धुवायला जाणे, याला मी निष्ठा म्हणतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. ती सात महिने चालली. चौथ्या महिन्यात दागिने गहाण पडू लागले, वाण्याने वही बंद केली. आमच्या कमिटीत एक ख्रिस्ती फिटर होता. त्याच सुमारास त्याची आई वारली. एके दिवशी गेटवरच्या मांडवात तो मला म्हणाला, “भाऊ, हल्ली प्रार्थनेत काहीच वाटत नाही. भिंतीशी बोलल्यासारखे वाटते.” मी विचारले, “मग रविवारी चर्चला कशाला जातोस? दोन तास घरी पड की.” तो हसला आणि म्हणाला, “तुम्ही रोज गेटवर येता ते रोज आशा घेऊन येता का?”

मला उत्तर देता येईना. खरे सांगायचे तर कित्येक सकाळी मी आशेशिवायच आलो होतो. आलो, कारण मी आलो नाही तर दुसरा घरी बसेल, आणि दुसरा बसला तर तिसरा. तो म्हणाला, “तसेच आहे. बाकावरची माझी जागा रिकामी दिसली तर शेजारचा म्हणेल, हाही गेला. त्याच्या घरीही दुखणेच आहे. आज मी त्याच्या विश्वासावर बसतो, उद्या तो माझ्यावर बसेल.”

टाळेबंदी उठली ती निम्म्याच मागण्यांवर. त्याच्या मनातली भिंत केव्हा हलली, की हललीच नाही, हे मी त्याला कधी विचारले नाही. तो रविवारी जात असे, एवढे मात्र मला ठाऊक आहे.

तेव्हा श्रोतेहो, माझे म्हणणे एवढेच. विश्वास ही तिजोरीत कुलूपबंद ठेवण्याची वस्तू नव्हे. कोळ्यांचे जाळे जसे फाटते आणि रोज विणून घ्यावे लागते, तसा तो आहे. शंका आली तर ती लपवू नये. विश्वासातल्या माणसाजवळ उघड बोलावी. एक लहान नियम धरून ठेवावा, मग मन लागो वा न लागो. आणि आपल्या जागेवर जाऊन बसावे, कारण आपली जागा ही केवळ आपली नसते. कोर्लईच्या गरिबांनी १७४० नंतर काय केले असेल, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की, त्यांनी कोणता मोठा पराक्रम केला नसेल. पुढचा रविवार आला असेल, आणि ते आपापल्या जागी जाऊन बसले असतील.