धाकाशिवाय माणूस हलत नाही?

'थोडा धाक हवाच, नाहीतर कोणी काम करत नाही' हे वाक्य आपल्याकडे शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि कारखान्याच्या केबिनमध्ये सारख्याच खात्रीने ऐकू येतं. भीतीत ताकद आहे, यात वाद नाही. आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार गोष्टी माणसात आणि पशूंत सारख्याच, असं जुनं सुभाषित सांगतं. पण तिथेही भय हे चारांतलं एक आहे, बाकी तिघांचं मूळ नव्हे.

गैरसमज : खोलात गेलं की प्रत्येक प्रेरणेच्या मुळाशी भीतीच सापडते.

वस्तुस्थिती : ही मांडणी बिनतोड वाटते, कारण ती कधी चुकूच शकत नाही. कष्ट करणारा गरिबीला भितो, प्रेम करणारा एकटेपणाला, दान करणारा पापाला! कुठल्याही कृतीवर एकच शिक्का मारता येत असेल, तर त्या शिक्क्याने काहीच उलगडत नाही. तपासून पाहता येईल असं रूप या विचाराला अर्नेस्ट बेकर यांच्या १९७३ च्या 'द डिनायल ऑफ डेथ' या ग्रंथामुळे मिळालं. मरणाचं भय झाकण्यासाठी माणूस संस्कृती उभारतो, हे त्यांचं म्हणणं. पुढे मानसशास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग रचले. मृत्यूची आठवण करून दिली की माणूस आपल्या लोकांना आणि मूल्यांना अधिक घट्ट धरतो, असं सुरुवातीला दिसलं. मग अनेक प्रयोगशाळांनी मिळून त्यातला एक गाजलेला प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र जुना आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिंजऱ्यात कड्या-खिट्ट्यांची कोडी ठेवली. सोडवलं तर खाऊ नाही, नाही सोडवलं तर शिक्षा नाही. तरीही माकडं ती पुनःपुन्हा सोडवत बसली.

त्याहून बोलका पुरावा एका अमेरिकन बाईंचा. शास्त्रीय लेखनात त्यांची ओळख फक्त 'एस. एम.' एवढीच. एका दुर्मीळ आजारात त्यांच्या मेंदूतला अमिग्डला हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला आणि बाहेरच्या धोक्याची भीती जवळजवळ गेली. प्रेरणा भीतीतूनच येत असती, तर या बाई एका जागी बसून राहिल्या असत्या. प्रत्यक्षात त्यांनी तीन मुलं वाढवली. संशोधक त्यांना साप विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले, तर त्या साप हातात घेऊन निरखत बसल्या, मोठ्या आणि धोकादायक सापांनाही हात लावू द्या म्हणाल्या. कुतूहल शाबूत होतं, सावधपणा गेला होता. त्यामुळे त्या अनेकदा संकटातही सापडल्या. भीतीचं खरं काम यावरून कळतं : ती आपल्याला धोक्यापासून लांब ठेवते. कुठे जायचं, हे ती सांगत नाही.

गैरसमज : धाक वाढवला की काम सुधारतं.

वस्तुस्थिती : काम सोपं असेल तर काही वेळा खरं आहे. १९०८ मध्ये यर्किस आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन दोन खोक्यांतला फरक शिकवला. फरक सहज दिसणारा असला की जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकले. ओळखायला अवघड असला की जोरदार झटक्याने मागे पडले. (व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी हा उंदरांचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसांना चिकटवला, ते जरा अतीच झालं.) १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना न टाळता येणारे झटके दिले. नंतर सुटायची वाट मोकळी ठेवली, तरी त्यातले बरेचसे पडून राहिले. सुटका दिसत नसेल तर भीती माणसालाही असंच लुळं करू शकते.

गैरसमज : धाकाने शिस्त लागते.

वस्तुस्थिती : धाकाने लपवाछपवी लागते. चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढणारं आणि चौक ओलांडला की आरशाला लटकणारं हेल्मेट पुणेकरांना सांगायला नको. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या गटांतच जास्त चुका नोंदलेल्या निघाल्या. तिथे चुका जास्त होत असतील असं नव्हे. तिथल्या परिचारिका त्या सांगायला भीत नव्हत्या.

गैरसमज : घाबरवलं की लोक सवयी बदलतात.

वस्तुस्थिती : येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी धनुर्वाताबद्दलच्या पुस्तिका विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या. काही सौम्य, काही भीषण छायाचित्रांच्या. भीषण पुस्तिका वाचलेले जास्त घाबरले, लस घ्यायलाच हवी असं म्हणालेही. पण प्रत्यक्षात घेतली जेमतेम ३ टक्क्यांनी. ज्यांना सोबत आरोग्य केंद्राचा नकाशा, वेळा आणि 'कधी जाणार ते ठरवा' एवढी सूचना मिळाली, त्यांच्यातला आकडा २८ टक्क्यांवर गेला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुस्तिका सौम्य की भीषण याने फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून इशाऱ्याने व्यापला आहे. २०१८ पासून त्या इशाऱ्यात तंबाखू सोडायला मदत करणारा निःशुल्क क्रमांकही छापला जातो : १८००-११-२३५६. घरात कोणी तंबाखू खात किंवा ओढत असेल, तर कॅन्सरचं नाव काढून पुन्हा घाबरवू नका. हा नंबर लावून फोन त्याच्या हातात द्या.