दोन सुरांमधली थरथर

गेल्या नोव्हेंबरात नाशकातल्याच शरणपूरची चार मुलं माझ्याकडे आली. नाताळच्या कार्यक्रमात त्यांना 'लास्ट ख्रिसमस' म्हणायचं होतं. "काका, ट्रॅक लावायचा नाहीये, वाजवायचंय. पण आवाज तोच पाहिजे, जुना." मी नाशकात तीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय आणि उरलेल्या वेळात लोकांच्या पेट्या सुरात लावून देतो. मी हो म्हणालो. गाणं सोपं आहे. पांढरी दोनचा षड्ज धरला, तर खालचे सूर सा, ध, रे, प एवढेच, आणि प्रत्येकावर दोन आवर्तनं थांबायचं. एवढीच चौकट सबंध गाण्याला पुरते.

तालीम सुरू झाली आणि अडलं ते आवाजापाशी. माझ्या कीबोर्डमध्ये ऐंशीच्या दशकाच्या नावाचे तयार आवाज डझनभर आहेत. सगळे वाजवून पाहिले. भरघोस होते, चकचकीत होते, पण त्या गाण्याचे नव्हते. मुलं काही बोलली नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यांवर ते दिसत होतं. त्या रात्री हेडफोन लावून मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं आणि ठरवलं, हा आवाज मुळापासून बांधायचा.

मूळ गाणं 'व्हॅम!' या ब्रिटिश जोडीचं. 1984 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. भर उन्हाळ्यात नाताळ वाटावा म्हणून स्टुडिओ सजवला होता म्हणतात. जोडीतल्या जॉर्ज मायकेलने गाणं लिहिलं, गायलं आणि वाद्यंही सगळी स्वतःच वाजवली. तो काही मुरलेला कीबोर्डवादक नव्हता. वाद्यं तरी किती? रोलँड कंपनीचा जुनो-60 हा सिंथेसायझर, लिनड्रम हे तालयंत्र, आणि हातात घुंगरं. त्या डिसेंबरात गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर थांबलं. पहिला क्रमांक मिळायला 2021 चा जानेवारी उजाडला, तोवर जॉर्ज मायकेलला जाऊन चार वर्षं झाली होती. तो गेला 2016 मध्ये, नेमका नाताळच्याच दिवशी.

जुनो-60 बाजारात आला 1982 मध्ये. त्यात एका वेळी सहाच सूर वाजतात, सातवी पट्टी दाबली तर आधीचा एक सूर सोडावा लागतो. आत कुठल्याही वाद्याचं ध्वनिमुद्रण नाही. प्रत्येक सुरासाठी एक आंदोलक असतो, म्हणजे विजेची ठराविक गतीने वरखाली होणारी लहर. करवतीच्या दातांसारखी ही लहर कानाला कर्कश, भुंग्यासारखी लागते. हा झाला कच्चा माल.

त्याला वळण देतो फिल्टर. फिल्टर म्हणजे काय, हे नाशिककराला सांगणं सोपं आहे. मिरवणूक शेजारच्या गल्लीत असते तेव्हा आपल्याला ढोलाचा घुमारा तेवढा ऐकू येतो. ताशाची कडकड भिंतींनी अडवलेली असते. मिरवणूक कोपऱ्यावर वळली की ताशा एकदम उघडा होतो. फिल्टरचा स्लायडर खाली घेणं म्हणजे मिरवणूक गल्लीत ठेवणं आणि वर नेणं म्हणजे तिला चौकात आणणं. या गाण्याच्या आवाजाला मी मिरवणूक अगदी कोपऱ्यावर उभी केली. कर्कशपणा गेला, पण धार राहिली.

पुढचे चार स्लायडर सूर कसा जन्मतो आणि कसा विरतो ते ठरवतात. पेटीची पट्टी सोडली की सूर तिथेच तुटतो, तंबोऱ्याची तार सोडल्यावरही बोलत राहते. मला या दोहोंच्या मधलं हवं होतं. सूर पटकन उमटावा, पण बोट उचलल्यावर एक श्वास मागे रेंगाळावा. रेंगाळणं जास्त झालं की सा चा स्वरमेळ ध च्या स्वरमेळात सांडतो. ते नेमकं जमायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

एवढं करूनही आवाज सरळसोट, एका रेघेत येत होता. राहिलं होतं ते कोरसचं बटण, आणि तिथे मला माझी पेटी आठवली.

डबल रीडच्या पेटीत एका पट्टीला दोन रीड असतात. दोन्ही एकाच सप्तकातले असले आणि एकाची सेकंदाला 440 कंपनं, दुसऱ्याची 441 असली, तर कानाला दोन सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर ऐकू येतो आणि तो सेकंदाला एकदा हलकेच फुगतो, ओसरतो. पेटी लावताना हा फरक मी कानशीने रीड खरवडून ठेवतो. फरक वाढला तर पेटी बेसुरी होते, अजिबात नसला तर कोरडी वाटते.

जुनोचा कोरस हेच करतो, वेगळ्या वाटेने. मूळ सुराची नक्कल काढून तो ती किंचित उशिरा सोडतो आणि हा उशीर सतत कमीजास्त करत राहतो. त्यामुळे नक्कल क्षणभर चढी, क्षणभर उतरी होते आणि मूळ सुराशी मिसळून थरथरते. डाव्या कानाला ती चढते तेव्हा उजव्याला उतरते, म्हणून आवाज रुंद वाटतो. उशीर करण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. स्लॅब टाकताना घमेलं जसं माणसांच्या रांगेतून हातोहात वर जातं, तसा विजेचा भार चिपमधल्या एका खणातून पुढच्या खणात सरकत जातो. रांग हळू चालली की माल उशिरा पोचतो. माझ्याकडे खरा जुनो नाही, पण टाल कोरस-एलएक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच कोरसची नक्कल करतं. ते लॅपटॉपवर सुरू केलं आणि खोलीत गाणं आलं. मी उठून उभाच राहिलो.

ही यंत्रं आणि आपला कान यांची गाठ आपल्याकडे फार आधी पडली आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी जुनोच्याच जन्मवर्षी, 1982 मध्ये, डिस्को ठेक्यावर दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. हाताशी रोलँडचीच तीन यंत्रं होती: जुपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303. यातलं टीबी-303 गिटारवादकाला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. सिंगांच्या भैरवीत, यमनात ती मींडेसारखी येते. शिकागोत 1987 मध्ये त्याच यंत्रातून ॲसिड हाउस संगीत घडलं. 2010 मध्ये ही तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा दोन्हींतलं साम्य ऐकून जगभरचे लोक थक्क झाले. 2015 मध्ये सिंग गेले, पण त्याआधी ते कौतुक त्यांना पाहायला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं.

लिनड्रमचे ठोके मिळवणं अवघड गेलं नाही. खऱ्या ड्रमचे आवाज चिपवर साठवलेलं ते यंत्र होतं, त्याच्या नकला सहज मिळतात. राहिली घुंगरं. थंड देशांत बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या घोड्यांना ती घालतात: चामडी पट्ट्यावर ओळीने बसवलेले पोकळ गोळे, आत खडा. चित्र पाहिलं आणि मी निफाडला मामांना फोन केला. ही तर बैलांची घुंगुरमाळ! पोळ्याला घालून झाल्यावर ती गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेली असते. मामांनी ती चिंचेने घासून लख्ख करून पाठवली.

शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती. कार्यक्रमात आधी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं झाली, पेटीवर. मग आमचं गाणं. डाव्या हातात घुंगुरमाळ, उजवा हात पट्ट्यांवर, बेस त्या मुलांपैकी एकाकडे. दुसऱ्या आवर्तनाला मागच्या बाकांवरची पन्नाशीची माणसं उठून पुढे आली.

नंतर एक शाळकरी मुलगी लॅपटॉपपाशी येऊन विचारायला लागली, "यातलं कुठलं बटण दाबलं की तो आवाज येतो?" मी एक स्वरमेळ धरून ठेवला आणि तिला कोरस बंद-चालू करायला सांगितलं. मग तिला भजनाच्या पेटीपाशी नेलं, भाता मारत एक पट्टी दाबली आणि तिच्याच हातून दुसऱ्या रीडचा स्टॉपर ओढायला लावला. सूर फुगला, ओसरला. तिने स्टॉपर आत ढकलला, ऐकलं, आणि पुन्हा बाहेर ओढला.