भिंतीवर न मावलेली नावे

कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात, उंच मनोऱ्याचे एक चर्च आहे. कागदोपत्री ते सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. मुंबईकरांसाठी अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेले हे चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. तिथलाच एक लेख मात्र वाचणाऱ्याला थबकवतो. त्याचा आशय असा, की तलवारीने किंवा आजाराने गेलेले साधे सैनिक इतके आहेत, की त्यांची नावे इथे देणे शक्य नाही.

जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या फौजेत सुमारे ४,५०० सैनिक होते आणि मागे जवळपास १२,००० बाजारबुणगे. त्यांत भरणा हिंदी माणसांचाच. बर्फाने, उपासमारीने आणि खिंडीतल्या हल्ल्यांनी जवळजवळ सगळा तांडा संपला.

परमुलखात पडलेल्याचा देह घरी येत नसे. मग आईवडील, विधवा, भाऊ आपल्या चर्चच्या भिंतीवर संगमरवरी किंवा पितळी पाटी बसवत: नाव, पलटण, कुठे पडला, तारीख. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने मृतदेह मायदेशी आणायला बंदी घातली आणि तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये अशा पाट्यांची दाटी झाली. सरकारनेही मृताच्या घरी बशीएवढी कांस्य तबकडी धाडली. तिच्यावर फक्त नाव, हुद्दा नाही. हिंदी सैनिकांच्या घरीही अशा तबकड्या आल्या.

आपल्याकडे हे काम वीरगळ करत आला. माळशिरस तालुक्यात वेळापूरला, अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळाच्या परिसरात, असे दगड पाहायला मिळतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाला लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वीराचे नाव बहुधा नसतेच. गावाला तो कोण ते ठाऊक होते, म्हणून अडत नव्हते.

शिपायांची नावे कोरायला जागा पुरत नाही, असेही नाही. १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ती आहेत. ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे आजही तिथे वाचता येतात. हा स्तंभ अफगाण चर्चच्या कितीतरी आधीचा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. महायुद्धावर किती गेले, किती परतले नाहीत, एवढेच सांगणारे दगड इतरही अनेक गावांत चावडीजवळ दिसतात. आपल्या गावी असा दगड असेल, तर ऑइलपेंटचा पुढचा हात बसण्याआधी त्यावरचा मजकूर उतरवून घ्या आणि ती माणसे कोणत्या घरातली, हे म्हाताऱ्यांना आताच विचारा.