दुर्मीळ कार्ट्रिज : मोल खोक्याचे की आतील खेळाचे?

टीव्हीला जोडण्याच्या खेळाची ‘कॅसेट’ 1990च्या दशकात आपल्याकडील अनेक घरांत पोहोचली. वास्तविक तिच्यात फीत नसे. एका छोट्या सर्किट बोर्डावर बसवलेली स्मृतिचिप असे. तिचे खरे नाव कार्ट्रिज. त्याआधी दशकभर अमेरिकेत घरगुती संगणकांसाठी निघालेली अशी कार्ट्रिज आज संग्राहक शोधत असतात. मात्र जुने ते सारे दुर्मीळ, हा समज बरोबर नाही. ‘अटारी’चा ‘ई. टी.’ हा खेळ इतका पडून राहिला, की 1983 मध्ये न खपलेल्या मालाबरोबर तोही न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे जमिनीत पुरण्यात आला. तरीही त्याच्या प्रती आज सहज मिळतात.

खरी दुर्मीळता निर्माण होते ती उत्पादन अकस्मात थांबल्याने. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ‘टीआय-99/4ए’ हा संगणक 1981 मध्ये 525 डॉलरना बाजारात आला. कमोडोरशी झालेल्या किंमतयुद्धात तो 1983 पर्यंत सुमारे 100 डॉलरवर घसरला. यंत्रावरील तोटा कार्ट्रिजच्या विक्रीतून भरून काढण्याचा कंपनीचा विचार होता. त्यासाठी बाहेरच्या उत्पादकांची, साध्या रॉम चिपवरील कार्ट्रिज चालूच नयेत, अशी सुधारित आवृत्ती तिने 1983 मध्ये काढली. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर कंपनीने या व्यवसायातूनच अंग काढून घेतले. अखेरच्या काळातील काही खेळ त्यामुळे अत्यल्प संख्येने बाहेर पडले, तर काही केवळ नमुन्यांपुरते उरले.

या इतिहासाची जाण नसेल, तर संग्राहकाची फसगत होते. बाहेरच्या उत्पादकाचे कार्ट्रिज चालले नाही, तर ते बिघडले असे समजून टाकून दिले जाते. दोष मात्र यंत्राच्या आवृत्तीचा असू शकतो. आरंभीच्या पडद्यावर ‘1983’ व ‘व्ही 2.2’ ही अक्षरे दिसली, तर आधी दुसऱ्या यंत्रावर पडताळणी करणे श्रेयस्कर. संपर्कपट्टीवर तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवयही सोडावी, कारण श्वासातील ओलावा धातूला गंज आणतो. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी हलकेच पुसणे पुरेसे असते.

सर्वाधिक जपावे लागते ते प्रसिद्धीपूर्व नमुन्यांना. कारखान्यातील मुद्रित रॉममध्ये मजकूर चिपच्या घडणीतच कोरलेला असतो, त्यामुळे तो दीर्घकाळ टिकतो. नमुन्यांतील ईप्रॉम चिपमध्ये तो विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. चिपवरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण आत गेल्यास तो पुसला जातो. खिडकी चिकटपट्टीने झाकली, तरी काही दशकांत भार आपोआप झिरपून जाऊ शकतो. अशा वेळी बाहेरून नवेकोरे दिसणारे कार्ट्रिज आतून रिते झालेले असते.

म्हणूनच जाणकार संग्राहक नमुना हाती येताच चिपमधील मजकूर वाचून त्याची प्रत जतन करतात. प्रत निघाली की आपल्या वस्तूचा भाव उतरेल, या भीतीने काही जण ते टाळतात. परंतु जगात एकच नमुना उरला असेल आणि त्यातील भार ओसरला, तर मालकाच्या हाती केवळ प्लॅस्टिकचे खोके राहते आणि तो खेळ सर्वांसाठीच कायमचा नाहीसा होतो.